बाबा रोज दुपारी कॅमेऱ्यावर नॅपकिन टाकतात

पत्र थोडक्यात असं आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या एक वाचक लिहितात: वडील ७६ वर्षांचे, बडोद्याला कारेलीबागेतल्या टेनामेंटमध्ये एकटे राहतात. आई काही वर्षांपूर्वी गेली. गेल्या पावसाळ्यात वडील बाथरूममध्ये घसरून पडले. दुपारी भांड्यांना कामवाल्या बेन आल्या तेव्हा कुठे कळलं. हाड मोडलं नाही, पण मुलं हादरली. अमेरिकेतल्या भावाने पैसे पाठवले आणि हॉल, स्वयंपाकघर, मधला पॅसेज असे तीन कॅमेरे बसले. वडील तेव्हा "लावा" म्हणाले होते. हल्ली मात्र रोज दुपारी तीन ते पाच हॉलच्या कॅमेऱ्यावर नॅपकिन पडतो. विचारलं की "धूळ बसते" एवढंच उत्तर. त्याच वेळी त्यांच्या ऑफिसातल्या एक जुन्या सहकारी बाई घरी येतात, हे पॅसेजच्या कॅमेऱ्यात दिसतं. भाऊ म्हणतो, रेकॉर्डिंग जपून ठेव, उद्या घराचा प्रश्न आला तर कामाला येईल. मध्यंतरी बेन काम सोडून गेल्या. शेवटी या वाचक विचारतात, "आमच्या मनात काळजीशिवाय काही नाही. बाबांना लपवण्यासारखं असं आहे तरी काय? त्यांना न दुखावता कसं समजावू?"

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

ताई,

आधी ते पडणं घेऊ, कारण सगळं तिथून सुरू झालं. बाबा पडले बाथरूममध्ये. कॅमेरे आहेत हॉलमध्ये, स्वयंपाकघरात आणि पॅसेजमध्ये. बाथरूममध्ये कॅमेरा लावण्याचा विचारही तुम्ही केला नाहीत, ते योग्यच. पण मग उद्या ते पुन्हा तिथेच घसरले तर पुण्यात बसून तुम्हाला काय दिसणार? रिकामा पॅसेज आणि लागलेलं दार. ज्या भीतीपोटी एवढा खटाटोप केला, तिच्यावर या तीन कॅमेऱ्यांचा फारसा उपयोग नाही.

उपयोग कशाचा होतोय ते तुमच्याच पत्रात आहे. झोपाळा हलला की तुमचा मोबाइल वाजतो, मीटिंगमध्ये असलात तरी हात तिकडे जातो. रविवारी बाबांनी फाफडा-जिलेबीचा पुडा सोडला ते तुम्हाला दिसलं, आणि संध्याकाळच्या फोनवर साखरेचा विषय निघाला. एकदा तुम्ही कॅमेऱ्यातूनच "बाबा, गोळी राहिली" म्हणालात आणि त्यांच्या हातातला चहा बशीत सांडला. हे तुम्ही गंमत म्हणून लिहिलंय. मला त्यात गंमत दिसली नाही. ७६ वर्षांचा माणूस आपल्या घरात एकटा चहा पितोय आणि अचानक भिंतीतून मुलीचा आवाज येतो. त्यांनी त्यानंतर तुम्हाला काही म्हटलं नाही, हे त्यांचं मोठेपण.

आता "लपवण्यासारखं काय आहे" या प्रश्नाकडे येते. हा प्रश्न तुम्ही एकट्या विचारत नाही. कॅमेरा लावणारा प्रत्येक माणूस तो विचारतो, आणि ज्याच्यावर कॅमेरा रोखलाय त्याला त्यावर उत्तर देता येत नाही, कारण उत्तर द्यायला गेलं की संशयच वाढतो. पण जरा आठवून बघा, तुम्ही बडोद्याला जाता तेव्हा बाबा कसे असतात. कवळी तोंडात असते. बनियनवर शर्ट असतो. झोपाळ्यावर पाय खाली सोडून ताठ बसतात. तुम्ही निघालात की कवळी वाटीत जाते, शर्ट खुंटीला जातो, आईच्या फोटोसमोर दोन शब्द बोलले जातात. कधी डोळ्यांत पाणीही येत असेल. यात गैर काय आहे? काहीच नाही. तरी हे मुलांसमोर करायचं नसतं. कॅमेरा आल्यापासून बाबा दिवसभर मुलांसमोर बसलेत. घरात असूनही घरच्यासारखं बसता येत नाही, ते हेच.

इथे कुणी म्हणेल, आपल्याकडे खासगीपणा होता कधी? दांडिया बाजारातल्या, रावपुऱ्यातल्या वाड्यांत एका चौकात पाच बिऱ्हाडं, कुणाकडे कोण आलं, कुणाचा आवाज चढला, सगळ्यांना सगळं ठाऊक. खरंय. पण समोरच्या काकू बघतायत हे तुम्हाला दिसायचं, आणि काकूंकडे कोण येतं हे तुम्हालाही. काकू चार दिवसांनी विसरायच्या, आणि नाही विसरल्या तरी अमेरिकेतल्या पुतण्याला चित्रासकट दाखवू शकत नव्हत्या. कॅमेऱ्याचं बघणं एकाच बाजूने चालतं. तो विसरत नाही, आणि त्याने पाहिलेलं कोण कधी उघडून बघेल याचा बाबांना पत्ता नसतो. तुम्ही रात्री अकराला मागचं फुटेज पळवत बघता, असं पत्रात लिहिलंय. हे बाबांना सांगितलंय का?

घराबाहेर तर सुटका नाहीच. बाबा सकाळी कमाटी बागेत जातात, येताना बँकेत, मग भाजी. वाटेत चौकात कॅमेरा, बँकेत कॅमेरा, दुकानात कॅमेरा. गुजरातेत २०२२ च्या कायद्याने लोकांची ये-जा असलेल्या आस्थापनांना कॅमेरे बसवणं आणि ३० दिवसांचं चित्रण सांभाळणं सक्तीचं केलंय. त्यावर वाद घालत बसायची ही जागा नव्हे. एवढंच, की त्यांच्या दिवसातली कॅमेरा नसलेली जागा म्हणजे घर होतं.

"पण ते हो म्हणाले होते." हो, म्हणाले. कधी म्हणाले? अंगावर निळे डाग असताना, मुलगी रजा टाकून आलेली, मुलाचे पैसे आलेले, आणि कॅमेरावाला शिडी लावून ड्रिल हातात घेऊन उभा. त्या वेळी "नको" म्हणायला किती बळ लागलं असतं? आणि एकदा दिलेला होकार जन्मभराचा नसतो. नॅपकिन टाकून त्यांनी तो थोडासा परत घेतलाय. नीट बघा, किती थोडासा: तीन कॅमेऱ्यांपैकी एक, चोवीस तासांपैकी दोन. प्लग काढला नाही, वाय-फाय बंद केलं नाही, तुमच्याशी भांडले नाहीत. तडजोड त्यांनी कधीच करून टाकली आहे. तुम्ही तिला बंड समजून बसलात.

आता त्या बाई. कोण आहेत, का येतात, याचा अंदाज मी बांधणार नाही, तुम्हीही बांधू नका. पण हिशेब असा बघा. दुपारी तीन ते पाच, रोज, तुमचे वडील घरात एकटे नसतात. पडले, छातीत दुखलं, तर हाक मारायला आणि १०८ ला फोन करायला माणूस हजर आहे. तुम्हाला हेच हवं होतं ना? पैसे मोजूनही ही सोय सहज मिळत नाही. आणि आणखी एक गोष्ट पत्रातून निसटली आहे. गेल्या पावसाळ्यात बाबा पडलेले कुणाला सापडले? बेनना. त्याच बेन स्वयंपाकघरात कॅमेरा आल्यावर काम सोडून गेल्या. त्यांना कुणी विचारलं होतं? दिवसभर दुसऱ्याच्या घरात राबणाऱ्या बाईने पदर सावरला, क्षणभर टेकली, उरलेला चहा प्यायली, ते सगळं पुण्यात आणि अमेरिकेत दिसणार. मी असते तर मीही राहिले नसते. म्हणजे बाबांना वाचवणारं एक माणूस कॅमेऱ्याने घालवलं, आणि दुसऱ्या माणसावर आता तोच कॅमेरा रोखायचा चाललंय. ताई, तुमच्या वडिलांचा जीव यंत्रापेक्षा येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांच्या हवाली जास्त सुरक्षित आहे. ती माणसं टिकतील असं काहीतरी करा.

भावाची शंका सगळीच वावगी म्हणणार नाही. एकट्या म्हाताऱ्या माणसांना लुबाडणारे असतात. फक्त ते हल्ली चहाला येत नाहीत, फोनवर येतात: पोलीस असल्याची बतावणी करून व्हिडिओ कॉलवर "डिजिटल अटक" करणारे, केवायसीच्या नावाखाली ओटीपी मागणारे. त्यांच्यापासून वाचायचं तर बाबांच्या खात्याचे एसएमएस नीट येतात ना, ठेवींना नॉमिनी आहे ना, हे त्यांच्याबरोबर बसून बघा आणि १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर फोनजवळ लिहून ठेवा. घराचं म्हणाल, तर ते बाबांच्या स्वकमाईचं असेल तर मृत्युपत्रात कुणाला द्यायचं हे ठरवायचा हक्क त्यांचा एकट्याचा आहे. काळजी वाटत असेल तर मृत्युपत्राचा विषय भावाने समोर बसून काढावा. दोन माणसं चहा पितायत याच्या रेकॉर्डिंगने कुठल्याही कोर्टात काही सिद्ध होत नाही. घरात मात्र त्याने कायमची तेढ पडेल.

कायद्याबद्दल थोडं सांगते, कारण बरेच वाचक "आमचं घर, आमचा कॅमेरा" असं लिहितात. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमुखी निकाल दिला. ती मूळ याचिका २०१२ मध्ये करणारे के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते आणि त्या वेळी त्यांनी ऐंशी ओलांडली होती. म्हातारपणी माणसाला कसली आलीय प्रायव्हसी, असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. दुसरा निकाल तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळचा. कोलकात्यात एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांपैकी एकाने राहत्या भागात कॅमेरे लावले, दुसऱ्याने हरकत घेतली. बरोबर राहणाऱ्याच्या संमतीशिवाय तिथे कॅमेरे चालवता येणार नाहीत, असं तिथल्या उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं, आणि त्याविरुद्धचं अपील सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी मे महिन्यात फेटाळलं. तुम्ही तर त्या घरात राहतही नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातून मात्र व्यक्तीने निव्वळ घरगुती कामासाठी केलेला वापर वगळलेला आहे. तेव्हा तो कायदा अशा घरगुती तंट्यात कामी येईल या भरवशावर कुणी राहू नये. आणि बापलेकीत कोर्टकचेरी कुणाला हवीय?

कायद्यापेक्षा मला धास्ती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. हे चित्रण फक्त तुम्ही आणि भाऊच बघताय, असं तुम्ही धरून चालला आहात. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणीच्या खोलीचं सीसीटीव्ही चित्रण यूट्यूब आणि टेलिग्रामवर विकायला निघालं होतं, ते आठवत असेल. अशा प्रकरणांत बहुतेक वेळा कुणी मोठा हॅकर लागत नाही. कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललेला नसतो, एवढंच पुरतं. आता सांगा, तुमच्या तीन कॅमेऱ्यांचा पासवर्ड कुणी ठेवला? बहुतेक त्या शिडीवाल्या मुलाने, स्वतःच्या मोबाइलवरून, "बेन, हा लक्षात ठेवा" म्हणून. तो त्याच्याकडे अजून असेल. या आठवड्यात काही करणार नसाल तरी एवढं करा: पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, ॲपमध्ये आणखी कोणकोणाचे फोन जोडलेत ते बघून नको ते काढून टाका, आणि आवाजाचं रेकॉर्डिंग बंद करा. आवाज कशाला हवा होता, हे मला अजून कळलेलं नाही.

बाकीचं बडोद्याला जाऊन करायचं काम आहे, फोनवर नको. दिवाळीची वाटही बघू नका. बाबांना सरळ सांगा: "कॅमेरे घाईत लावले. कुठला ठेवायचा, कुठला काढायचा, ते तुम्ही सांगा." आणि मग गप्प बसा. ते पहिल्यांदा "असू दे, असू दे" म्हणतील, कारण मुलांच्या पैशांची वस्तू काढायला सांगणं त्यांना जड जाईल. म्हणून हॉलचा कॅमेरा तुम्हीच उतरवायला घ्या. त्या बाईंचं नाव काढू नका. त्यांना सांगायचं असेल तेव्हा ते सांगतील. नॅपकिनबद्दल तर अवाक्षरही नको.

माझं विचाराल तर हॉलचा आणि स्वयंपाकघरातला कॅमेरा जावा. स्वयंपाकघरात तुम्हाला भीती गॅसची. त्यासाठी गळती झाली की वाजणारं यंत्र मिळतं, ते लावा. पॅसेजमधला काढून मुख्य दाराबाहेर न्या, म्हणजे दारात कोण आलंय ते बाबांना आतून दिसेल, आणि तो शेजारच्यांच्या ओट्यावर रोखला जाणार नाही एवढं बघा. मुख्य खातं बाबांच्या मोबाइलवर असू द्या. तुम्हाला कधी बघू द्यायचं हे त्यांनी ठरवावं. तुमच्यात एक साधा करार करा: सकाळी नऊला फोन. नाही उचलला तर दहा मिनिटांनी पुन्हा. तरी नाही, तर शेजारी. शेजाऱ्यांकडे एक किल्ली ठेवलेली असेलच. नसेल तर आधी ती ठेवा, ती त्या तीन कॅमेऱ्यांपेक्षा महत्त्वाची आहे.

खरा खर्च बाथरूमवर करा. कमोडशेजारी आणि नळाजवळ भिंतीला पक्क्या दांड्या, घसरणार नाही अशी फरशी किंवा चटई, बसून अंघोळीला स्टूल, रात्रभर मंद दिवा. आतली कडी काढून बाहेरूनही उघडता येईल असं कुलूप बसवा. नाहीतर माणूस आत पडलेला आणि बाहेर सुतार शोधा, असं होतं. बिनतारी बेलचं बटण मिळतं, ते जमिनीपासून हातभर उंचीवर लावा, पडलेल्या माणसाच्या हाताला लागेल असं. लोक ते खांद्याच्या उंचीवर लावून मोकळे होतात, आणि पडल्यावर तिथे हात पोचत नाही. बेल शेजारच्या घरात वाजेल अशी सोय करता आली तर उत्तम. पडल्याचं ओळखून फोन लावणारी घड्याळंही आहेत. पाण्यात चालणारं, चार्जिंग टिकणारं घ्या. पण बाबांना ते हातात घालायचं असेल तरच. नाहीतर तेही ड्रॉवरमध्ये जाईल. चित्र अजिबात न घेता नुसतं दार उघडलं-मिटलं एवढंच कळवणारे छोटे सेन्सर असतात. सकाळी आठपर्यंत बाथरूमचं दार उघडलंच नाही तर तुम्हाला निरोप येतो. तुम्हाला जेवढं कळायला हवं तेवढं त्यातून कळतं. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइनही बाबांच्या फोनमध्ये घालून ठेवा.

बेनना तुम्ही स्वतः फोन करा. कॅमेरा काढलाय म्हणून सांगा, न विचारता लावला ते चुकलं म्हणा, आणि परत बोलवा. दुसरं घर धरलं असेल तर थोडा जास्त पगार द्यावा लागेल, तो द्या.

असंच पत्र लिहायच्या बेतात असलेल्या इतरांसाठी दोन गोष्टी. आई-वडिलांना विस्मरणाचा आजार असेल, गॅस चालू ठेवून बाहेर पडत असतील, रस्ता चुकत असतील, तर माझं उत्तर एवढं सरळ नसतं. तिथे देखरेख लागते, कधी कॅमेराही लागतो. पण तो डॉक्टरांशी बोलून, कोण बघणार ते आधी ठरवून, झोपायची आणि कपडे बदलायची जागा सोडून. आणि आधी त्यांना विचारून, समजेल तेवढं का होईना. दुसरं, विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांच्या फोनवर चोवीस तास लोकेशन चालू ठेवायला लावणाऱ्या आईबापांना, आणि हॉलमध्ये कॅमेरा लावून दिवसा सुनेवर नजर ठेवणाऱ्या सासऱ्यांना यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू आहे. त्यांची पत्रं मला कमी येतात. मुलांची आणि सुनांची जास्त येतात.

राहता राहिला भाऊ. त्याला सांगा की जपून ठेवलेलं रेकॉर्डिंग तुम्ही पुसलंय, आणि खरोखरच पुसा, मेमरी कार्डवरून आणि क्लाउडवरून दोन्हीकडून. तो चिडेल. लांब राहणाऱ्याला पैसे पाठवून लावलेल्या कॅमेऱ्यात आपण काहीतरी केल्याचं समाधान असतं, ते काढून घेतलं की हात रिकामे वाटतात. म्हणून त्याला दुसरं काम द्या. बाथरूमचा खर्च आणि बेनचा वाढीव पगार त्याच्याकडे. शिवाय रविवारी रात्री आपल्याकडे नऊ वाजता, म्हणजे त्याच्या सकाळी, व्हिडिओ कॉल. त्यात तो बाबांना दिसेल आणि बाबा त्याला.